दिवाळी अंकाचं काम ट्रेलोच्या फळ्यावर कसं लावावं

दिवाळी अंकाचं काम उन्हाळ्यात सुरू झालं तरी सप्टेंबरात एकच प्रश्न सतत विचारला जातो: तो लेख सध्या कुणाकडे आहे? ट्रेलो म्हणजे कामांची कार्डं याद्यांमध्ये लावून दाखवणारं ऑनलाइन साधन. त्याचा फळा या एका प्रश्नासाठी लावायचा. पाच-सहा जणांच्या संपादकीय गटाला मोफत खातं पुरतं. त्यात एका वर्कस्पेसमध्ये, म्हणजे गटाच्या सामाईक जागेत, 10 जण घेता येतात आणि 10 फळे करता येतात.

नवा फळा उघडला की 'करायचं, चालू, झालं' अशा तीन याद्या करण्याचा मोह होतो. अंकासाठी त्या कुचकामी, कारण सगळा अंक तीन महिने 'चालू'मध्येच पडून राहतो. याद्यांना टप्प्यांची नावं द्या: लेखकाला सांगितलं, मजकूर आला, संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, छपाईला तयार. संपादन आणि मुद्रितशोधन यांच्या मध्ये 'लेखकाच्या उत्तराची वाट' अशी एक यादी हवीच. लेखकाला शंका विचारून ठेवलेले लेख तिथे वेगळे दिसतात, नाहीतर संपादकाकडे काम तुंबल्याचा गैरसमज होतो.

एका साहित्याला एकच कार्ड. शीर्षकात लेखकाचं आडनाव, लेखाचं नाव आणि अंदाजे पानं लिहा. सोळा पानी फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा) धरले तर 160 पानांच्या अंकाचे दहा फॉर्म होतात. कार्डांवरच्या पानांची बेरीज त्यात बसते का, हे ऑगस्टमध्येच कळायला हवं. जाहिरातींनाही कार्डं करा, कारण पानं त्यांनाही लागतात. 'मुखपृष्ठ' एवढंच लिहिलेलं कार्ड मात्र महिनाभर जागचं हलत नाही. त्यात चेकलिस्ट घाला: चित्रकाराशी बोलणं, कच्चं चित्र, पक्कं चित्र, अक्षरांकन, मानधन.

लेबलांचे रंग साहित्यप्रकारासाठी ठेवा: कथा, कविता, लेख, जाहिरात. एक लाल लेबल राखून ठेवा, 'युनिकोड नाही'. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतरित करताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. त्या लेखाचं मुद्रितशोधन मूळ प्रतीशी ताडूनच करावं लागतं, आणि त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

कार्डावर एका वेळी एकाचंच नाव असू द्या. तिघांची नावं लावली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. कार्ड पुढे सरकवण्याचा हक्क पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला द्या. मुद्रितशोधकाने हातातला लेख संपवला की संपादनात पूर्ण झालेलं कार्ड त्यानेच आपल्या यादीत ओढायचं. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी बसवलेल्या कानबान पद्धतीचा गाभा हाच: मागचा ढकलत नाही, पुढचा मागतो. त्यासाठी यादीच्या नावातच मर्यादा लिहा, 'मुद्रितशोधन (4)'. पाचवं कार्ड आलं तर ट्रेलो आपणहून अडवत नाही, त्यामुळे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. चार कार्डं आठवडाभर तशीच असतील तर नवे लेख मागवणं थांबवा आणि आणखी एक मुद्रितशोधक बघा.

मुदतीची तारीख घालताना सर्वांत जास्त चुका होतात. सगळ्या कार्डांवर छपाईची तारीख टाकली की मधले टप्पे घसरलेले कळतच नाहीत. छापखान्याला फाइल द्यायची तारीख आधी पक्की करा, तिथून मागे मोजा आणि कार्ड ज्या यादीत आहे त्या टप्प्याची तारीख त्यावर टाका. कार्ड पुढे गेलं की तारीख बदलायची. मुदत उलटली की ती लाल होते, आणि रोज सकाळी आधी तीच कार्डं बघायची.

मोफत खात्यात 10 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. तशीही मजकुराची फाइल कार्डाला जोडू नयेच. जोडली की 'अंतिम', 'अंतिम 2', 'नवीन अंतिम' अशा प्रती साठतात आणि मांडणीला नेमकी जुनी जाते. गूगल ड्राइव्हवर एकच फाइल ठेवून तिचा दुवा कार्डात द्या. व्हॉट्सॲपवर लेखकाने कळवलेली दुरुस्ती त्याच दिवशी कार्डाखाली टिप्पणीत उतरवा. हे कंटाळवाणं आहे, पण ही सवय सुटली की फळा आठ दिवसांत खोटा पडतो.

अंक छापून आला की कार्डं कायमची पुसू नका, संग्रहात टाका. पुसलेलं कार्ड परत मिळत नाही, संग्रहातलं मिळतं, आणि मानधनाचे प्रश्न दिवाळीनंतरही येत राहतात. पुढच्या वर्षासाठी फळ्याची नक्कल करताना 'कार्डं ठेवा' ही खूण काढली की याद्या आणि लेबलं तेवढी तयार मिळतात.