पाठीवर नाव, माणूस अनोळखी

जुन्या वस्तूंच्या ढिगात पाठीवर नाव लिहिलेला फोटो दिसला की मला तो तिथे ठेवून पुढे जाववत नाही. कुणीतरी नाव लिहिलं, म्हणजे हे माणूस विसरलं जाऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं. असे फोटो मी जमवते, त्यांतल्या माणसांचा माग काढते आणि जमेल तेव्हा घरच्यांपर्यंत पोचवते. तुम्हालाही करायचं असेल तर माझी पद्धत सांगते.

सगळ्यात आधी स्कॅनिंग. पुढची बाजू आणि पाठ, दोन्ही, कडांसकट, ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), दर्जा न घटवणाऱ्या टिफ फाइलमध्ये. फोटो पुसायचा नाही, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. शेजारी कुणाचे फोटो होते तेही लिहून ठेवा; पुढे नाती लावताना त्याचाच आधार होतो.

मग काळ ठरवायचा. लोखंडी पत्र्यावरचा फोटो लोहचुंबकाला ओढला जातो; तो टिनटाइप, म्हणजे १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. अडीच बाय चार इंचांच्या छोट्या कार्डावर चिकटवलेला फोटो असेल तर ते कार्त द व्हिजित. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने त्याचं पेटंट १८५४ मध्ये घेतलं. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं कॅबिनेट कार्ड १८६०च्या दशकातच आलं आणि पुढे त्यानेच छोट्या कार्डाला मागे टाकलं. अमेरिकेतल्या कार्डाच्या पाठीवर महसुलाचं तिकीट सापडलं तर नशीबच म्हणायचं, कारण तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच होता. स्टुडिओचा पत्ता छापलेला असेल तर त्या शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवाशांच्या आणि धंद्यांच्या नाव-पत्त्यांची छापील पुस्तकं, चाळा. फोटोग्राफर त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता ते त्यांत मिळतं.

आता नाव. इथे घाई करू नका. मी केली होती. कॅबिनेट कार्डावर एक विशीची मुलगी, गळ्याशी ब्रोच, पाठीवर नाव आणि आडनाव. जनगणनेत स्टुडिओच्याच गावात त्या नावाची मुलगी सापडली, वयही जुळलं. मी तिच्या वंशवृक्षात फोटो लावून मोकळी झाले. काही महिन्यांनी तिच्या पणतवंडांपैकी एकाने कळवलं, ही आमची पणजी नव्हे, तिचे फोटो आमच्याकडे आहेत. मला फार वाईट वाटलं. कार्ड पुन्हा भिंगाखाली धरलं, तेव्हा दिसलं की पुठ्ठ्यात रेघा दाबून उमटल्या आहेत आणि शाई वळणांवर गुठळीसारखी जमली आहे. बॉलपेन! ते तर बाजारात आलं १९४५च्या सुमारास. म्हणजे नाव लिहिलं होतं पुढच्या पिढीतल्या कुणीतरी, आणि तिला त्यांनी ओळखलं होतं सासरच्या आडनावाने. फोटो काढला तेव्हा त्या मुलीचं ते आडनाव नव्हतंच. मग लग्नाच्या नोंदी उघडल्या आणि खरी मुलगी तिथे भेटली, माहेरच्या नावासकट.

म्हणून आधी अक्षर पाहा: कशाने लिहिलंय, कुणी लिहिलं असेल. ‘मावशी’ असं लिहिलेलं असलं, तर ती लिहिणाऱ्याची मावशी. नोंदींसाठी फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे. अमेरिकेतली माणसं शोधताना १८८० ते १९०० मध्ये खिंडार लागतं. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीत सापडले आणि पुढे नष्टच झाले. तेवढी वर्षं डिरेक्टऱ्या आणि चर्चच्या वह्यांवर भागवावं लागतं.

ऑनलाइन टाकताना पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा द्या, चुकीच्या स्पेलिंगसकट. तुमचा तर्क वेगळ्या ओळीत, ‘बहुधा’ लावून, आणि तो कशावरून केला तेही लिहा. चेहऱ्यावर वॉटरमार्क मारू नका. कुणाला तरी ते आपल्या आजीचं एकमेव चित्र असेल. फोटोतलं माणूस हयात असण्याची शक्यता असेल, विशेषतः लहान मुलं असतील, तर तो जाहीरपणे टाकायचा नाही. आधी घरच्यांना खासगीत विचारायचं.

ब्रोचवाल्या मुलीचा फोटो शेवटी तिच्या नातीच्या मुलीकडे गेला. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवला, सोबत वेगळ्या कागदावर पेन्सिलीने तिचं माहेरचं नाव. पाठीवर मी काहीही लिहिलं नाही. ते बॉलपेनचं अक्षर आपल्या आईचं आहे, असं तिने उलट कळवलं.