क्लासिक रॉकचे श्रेष्ठ अल्बम कसे निवडावेत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रॉक ऐकणारी चार माणसे जमली की ‘सर्वश्रेष्ठ अल्बम कोणते’ हा विषय निघतोच, आणि थोड्याच वेळात चर्चा अल्बमवरून घसरून गाण्यांवर येते. लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ थोर की ईगल्सचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, यावर हमरीतुमरी होते; त्या गाण्यांच्या आधी काय वाजले आणि नंतर काय वाजते, हे मात्र निम्म्या मंडळींना सांगता येत नाही. निवड खरोखर अल्बमची करायची असेल, तर गाजलेल्या गाण्याचे तेज घटकाभर बाजूला ठेवून, दोन्ही बाजू मिळून चाळीसेक मिनिटांची ती सबंध तबकडी आपल्याला कितपत धरून ठेवते, हे पाहावे लागते.

सुरुवात कालमर्यादा ठरवण्यापासून करावी. ‘क्लासिक रॉक’ ही वर्गवारी १९८०च्या दशकात अमेरिकेतील एफएम केंद्रांनी रूढ केली, त्यामुळे तिच्या कडा मुळातच धूसर आहेत. माझ्या मते १९६५ ते १९८० ही चौकट सर्वांत सोयीची ठरते. १९६५ मध्ये बॉब डिलनचा ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ आणि बीटल्सचा ‘रबर सोल’ आले, आणि दोन खपाऊ गाण्यांभोवती उरलेली भरताड गुंडाळून तबकडी विकायची, ही जुनी रीत मोडू लागली. दुसऱ्या टोकाला १९८० मधील एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ आहे. या चौकटीवर आपल्या भागात हमखास एक आक्षेप येतो, तो यू-टूच्या ‘द जोशुआ ट्री’चा. डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये या बँडने तो अल्बम पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने वाजवला, आणि अल्बम हीच रचना आहे याचा याहून चांगला पुरावा आपल्या दाराशी कधी आला नसेल. तरीही तो १९८७चा आहे, आणि एकासाठी दार उघडले की मागोमाग अख्खे दशक आत शिरते. मी तो यादीबाहेर ठेवतो. ज्याला ठेवायचा असेल त्याने चौकटच १९९० पर्यंत वाढवावी, पण एकट्या लाडक्या अल्बमसाठी अपवाद करू नये.

त्यानंतर संकलने वगळावीत. ईगल्सचे १९७६ मधील ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे अमेरिकेत आजवर सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक आहे, परंतु आधीच्या अल्बममधून उचललेली गाणी एकत्र लावली म्हणून तो अल्बम होत नाही. मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमची यादी मात्र स्वतंत्र करावी. द हूचा ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ आणि ऑलमन ब्रदर्सचा ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ यांची तुलना स्टुडिओतील कामाशी केली, तर दोघांवरही अन्याय होतो.

खपाचे आकडे आणि मासिकांच्या याद्या पाहायला हरकत नाही, फक्त त्या वाचण्याची पद्धत बदलावी. पहिला क्रमांक हा फसवा पुरावा आहे. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत जेमतेम एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होता, पण त्या दोनशेंच्या यादीत तो १९८८ पर्यंत सातशेहून अधिक आठवडे टिकला. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम तर तिथे कधीच पहिला आला नाही. दुसऱ्या क्रमांकावर थांबला. म्हणजे शिखर किती उंच होते यापेक्षा अल्बम किती वर्षे ऐकला गेला, हे पाहणे अधिक उपयोगाचे. समीक्षकांच्या याद्यांचेही तसेच आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या २००३ मधील पाचशे अल्बमच्या यादीत बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० च्या यादीत तो चोविसावा झाला आणि मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अग्रस्थानी आला. मधल्या सतरा वर्षांत ‘सार्जंट पेपर’मधला एक सूरही बदललेला नाही, मत देणारी माणसे आणि त्यांचा काळ बदलला. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ मात्र दोन्ही वेळा दुसराच राहिला. निरनिराळ्या काळांत आणि निरनिराळ्या माणसांकडून टिकून राहिलेली अशी नावे हेरून ऐकण्याची पहिली यादी करावी. ती तीस-चाळीस अल्बमची झाली तरी चालेल. कात्री नंतर लावायची आहे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू, कारण बहुतेक याद्या इथेच बिघडतात. प्रथम आपण कोणती आवृत्ती ऐकत आहोत, याची खात्री करावी. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’वर ब्रिटनमध्ये चौदा गाणी होती, तर अमेरिकेत अकराच, गाळलेली तिन्ही गाणी जॉन लेननची असल्याने अमेरिकी तबकडीत त्याचा वाटाच रोडावला. अशा वेळी कलावंतांनी स्वतः लावलेला क्रम, म्हणजे येथे ब्रिटिश आवृत्ती, प्रमाण मानावी. जिमी हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्स्पीरियन्स्ड’ची गोष्ट उलटी आहे. ‘पर्पल हेझ’सारखी गाणी ब्रिटनमध्ये सुट्या तबकड्यांवर (सिंगल) निघाली आणि अमेरिकी अल्बमवर चढली, त्यामुळे अमेरिकी आवृत्तीच जास्त भरीव वाटते. येथे कोणती आवृत्ती धरली, ते यादीत स्पष्ट लिहून ठेवावे. मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये ‘डिलक्स’ नावाखाली मूळ अल्बमच्या शेपटाला कच्ची मुद्रणे आणि मैफलीतील तुकडे जोडलेले असतात. मूळ तबकडी जिथे संपते तिथे थांबावे. एकाच अल्बमच्या जुन्या आणि नव्या मास्टरिंगची, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या अखेरच्या संस्काराची, तुलना करायची असेल, तर दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी सारखी करावी, कारण जे मोठ्याने वाजते ते कानाला सरस वाटते.

शफल बंद असावे, हे सांगायला नको. पण ‘क्रॉसफेड’ नावाची सोयही शून्यावर आणावी, अन्यथा एका गाण्याचा शेवट पुढच्या गाण्याच्या सुरुवातीवर चढतो. बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’च्या दुसऱ्या बाजूवरील गाण्यांची साखळी सलग वाजण्यासाठीच जुळवलेली आहे; तिथे अ‍ॅपने स्वतःची कारागिरी दाखवली की सांधे उघडे पडतात. तसेच पहिली बाजू संपली की दोन मिनिटे थांबावे. एल.पी.च्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटेच चांगल्या रीतीने मावत असत, म्हणून पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसरीचा आरंभ या दोन जागा त्या काळी विचारपूर्वक भरल्या जात. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू क्लेअर टोरी यांच्या शब्दाविना आळवलेल्या आर्त आवाजावर संपते, तबकडी उलटायची, आणि दुसरी बाजू नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या खणखणाटाने सुरू होते. सलग ऐकणाऱ्याला मधली ती शांतता मिळत नाही आणि धक्काही अर्धा उरतो. हे ‘मनी’ गाणे सात मात्रांचे आहे. रूपक मोजायची सवय असलेल्या कानाला सॅक्सोफोनपर्यंत काहीच अडत नाही, पण गिटार पुढे येताच हिशेब चार मात्रांवर जातो आणि तीच चाल एकदम धावू लागते.

ऐकण्याची जागाही निवडीत ढवळाढवळ करते. ठाणे–पनवेल लोकलचा प्रवास एका अल्बमला पुरून उरतो, म्हणून पुष्कळ जण तिथेच ऐकतात. त्या खडखडाटात ‘बॅक इन ब्लॅक’ किंवा ब्लॅक सॅबथचा ‘पॅरानॉइड’ छान टिकतो. ‘डार्क साइड’च्या आरंभीची हृदयाची धडधड मात्र ऐरोली येईपर्यंत ऐकूच येत नाही, आणि तोवर ती संपलेली असते. घोडबंदर रोडवरच्या कोंडीत गाडीत ऐकतानाही हळुवार जागांचे हेच होते. निकाल देण्याआधी प्रत्येक अल्बम निदान एकदा घरी, खिडक्या लावून, बऱ्यापैकी हेडफोनवर किंवा शेजारी दार ठोठावणार नाहीत इतक्या आवाजात स्पीकरवर ऐकावा. नाहीतर यादी आपोआप गोंगाटाच्या बाजूने झुकते.

यानंतरची कसोटी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते: अल्बममधले सर्वांत दुबळे गाणे शोधावे आणि ते काढून टाकले तर काही बिघडते का, ते पाहावे. डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’वर सातच गाणी आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथील ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण व्हायचे होते तो जळाला, आणि मंडळींनी रिकाम्या हॉटेलच्या बोळांत वाद्ये मांडून काम उरकले. ती आग ‘स्मोक ऑन द वॉटर’मध्ये आहे. या सातांत दुबळे कोणते, तर ‘नेव्हर बिफोर’. आणि गंमत अशी की सुटी तबकडी म्हणून आधी निवडले गेले ते नेमके हेच. ते गाणे वगळले तरी अल्बमला फारशी इजा होत नाही, पण उरलेली सहा इतकी भक्कम आहेत की ‘मशीन हेड’ माझ्या यादीत सुखाने बसतो. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे उलटे होते. पहिल्याच गाण्यात अल्बमने आपली सर्वांत मोठी चीज खर्च केलेली असते, आणि अखेरच्या ‘द लास्ट रिसॉर्ट’पर्यंत मधल्या प्रवासात माझे लक्ष दोनदा तरी उडते. अनेकांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’वर मात्र ही कसोटी लावून पाहिली तर काढण्याजोगे गाणे सापडता सापडत नाही.

गाण्यांइतकेच लक्ष आवाजाकडे द्यावे. झेपेलिनच्या चौथ्या अल्बमचे शेवटचे गाणे, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, केवळ त्यातील ड्रमसाठी पुन्हा ऐकावे. मूळ गाणे १९२९ चे, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचे, मिसिसिपीच्या १९२७ मधील महापुरावरचे. इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वाड्यात जॉन बोनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याच्या प्रवेशदालनात मांडले, आणि माइक ड्रमजवळ न ठेवता वर जिन्यात टांगले. त्यामुळे काठी कातड्यावर पडल्याचा टणका कमी आणि भिंतींवरून परतलेला धीरगंभीर घुमारा जास्त, असा आवाज मिळाला. शब्द कळले नाहीत तरी पाणी चढत असल्याची जाणीव त्या ठेक्यातून होते. आशय आणि ध्वनिमुद्रण असे एकजीव झालेले असेल, तर त्या अल्बमला झुकते माप द्यावे.

प्रभाव आणि आनंद यांचे खाते मात्र वेगळे ठेवावे. ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ हा १९६७ चा अल्बम त्या काळी फारसा खपला नाही, पण पुढच्या पिढीच्या असंख्य बँडची वाट त्यातून गेली. तो यादीत हवाच. परंतु केवळ इतिहास म्हणून घेतलेली नावे दोन-तीनच्या पुढे गेली, तर यादी अभ्यासक्रमासारखी दिसू लागते.

आपल्या बाबतीत आणखी एक मोह असतो, तो जवळिकीचा. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला; द हूच्या ‘हूज नेक्स्ट’मधील ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा; बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येथील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. हे सगळे सांगायला गोड आहे आणि अल्बमची ओळख करून देताना जरूर सांगावे, पण गुण देताना त्याचा एक पैसाही धरू नये. ‘हूज नेक्स्ट’ श्रेष्ठ ठरतो तो त्यातील सिंथेसायझरच्या पुनरावृत्त नक्षीवर कीथ मूनचे बेभान ड्रम कोसळतात म्हणून. मेहेरबाबांचे नाव नसते तरी तो तितकाच श्रेष्ठ ठरला असता.

कात्री लावताना एका बँडचा एकच अल्बम, हा नियम ठेवावा. बीटल्सबाबत तो क्रूर वाटतो, पण त्यानेच खरा विचार करावा लागतो. मी ‘सार्जंट पेपर’ऐवजी ‘रिव्हॉल्व्हर’ घेतो, कारण ‘पेपर’ची कल्पना त्यातील काही गाण्यांहून मोठी आहे, तर ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये प्रत्येक गाणे स्वतःच्या पायावर उभे आहे. फ्लॉइडबाबत ‘विश यू वेअर हिअर’चे समर्थक प्रत्येक बैठकीत भेटतात आणि त्यांचे म्हणणे पोकळ नसते, तरीही १९७२ मध्ये वर्षभर मैफलींत वाजवून घोटलेली ‘डार्क साइड’ची वीण मला अधिक घट्ट वाटते.

सर्वांत अवघड निवड दोन तबकड्यांच्या अल्बमची. त्यांना एकसंध मोजू नये. चार बाजूंना चार वेगळे निकाल द्यावेत आणि निदान तीन बाजू स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या तरच प्रवेश द्यावा. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या अल्बममध्ये तीस गाणी आहेत, आणि ती छाटून एकच तबकडी करावी असे त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनाही वाटत होते. माझ्या मोजणीत त्याच्या दोन बाजू निर्विवाद उतरतात. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ला कथानक सावरून धरते, पण बाजू सुटी काढली की ती लंगडते. रोलिंग स्टोन्सचा १९७२ मधील ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ मात्र या परीक्षेत उत्तीर्ण होतो. पहिली बाजू धसमुसळी, दुसरी बरीचशी अकूस्टिक आणि निवांत; फ्रान्समधील ज्या बंगल्याच्या तळघरात ध्वनिमुद्रण झाले तिथला आवाज दमट, गढूळ आणि बराच दबलेला असल्याने पहिल्या ऐकण्यात अल्बम सपाट वाटतो आणि गायकाचे शब्द शोधावे लागतात. म्हणून या एका अल्बमवर पहिल्या खेपेला मत देऊ नये. चार बाजू चार वेगळ्या संध्याकाळी ऐकाव्यात आणि तिसरीपासून सुरुवात करावी.