स्नॉर्केल लावलं म्हणजे गाडी होडी होत नाही

तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेताना पाणी एअर इनटेकमधून (इंजिन हवा ओढतं ती वाट) सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मॉडिफाय करताना बंपरमागे खाली आणलेलं कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा ओढणारा पाइप) पावसाळ्यापुरतं काढून मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) बसवा.

स्नॉर्केल (इंजिनला वरून, उंचावरून हवा देणारा पाइप) असेल तर जोड तपासा. इंजिन आयडलवर ठेवून वरचं तोंड जाड रबरशीटने झाका. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर एखाद्या क्लॅम्पमधून हवा शिरते, म्हणजे पाणीही शिरणार. डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर पाइप (आतली हवा आत-बाहेर होण्याची नळी) बॉनेटखाली उंच न्या. तापलेला डिफरन्शियल पाण्यात थंड होताना आत हवा ओढतो. ब्रीदर खाली असेल तर तिथूनच पाणी ऑइलमध्ये जातं. अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र जागच्या जागीच असतात, त्यामुळे कंपनीने दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा (थारला 650 मिमी) तीच धरा.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, तेव्हा आधी भरतीची वेळ बघा. पाणी वाहत असेल तर उतरूच नका.

पहिला गिअर, फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेगाचा गिअर), माणसाच्या चालण्याचा वेग. पुढे तयार झालेल्या लाटेच्या मागे राहा. मध्येच गिअर बदलू नका.

गाडी बंद पडली? स्टार्टर अजिबात मारू नका, टो करा. स्पार्क किंवा ग्लो प्लग काढून इंजिन फिरवल्यावर आत शिरलेलं पाणी बाहेर उडतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय चालू करू नका.