जुन्या सागवानाचा टीपॉय, लोहाराकडच्या पायांवर

असा टीपॉय बिघडतो तो बहुधा एकाच जागी, फळी लोखंडाला जोडतो तिथे. लोखंड आहे तेवढंच राहतं. लाकूड मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. 20 इंच रुंदीच्या सागवानात हा फरक तीन ते पाच मिलिमीटर पडू शकतो. तेवढी मोकळीक ठेवली नाही की ऐन उन्हाळ्यात फळीला चीर जाते.

माप 42 × 20 इंच, उंची 17 इंच धरू. पाडलेल्या वाड्यांचं सागवान घनफुटावर मिळतं. दीड इंच जाडीचं एक घनफूट पुरतं. कडेचा पांढरट भाग कापून टाका, कीड आधी तोच खाते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. ओला करून, तोंडावर मास्क लावून खरवडा. मग फळ्या मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे घरातच रचून ठेवा.

रंधा मारण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. डोकं तुटलेला खिळा दिसत नाही, पण भोवती काळं वर्तुळ असतं. पकडीत येत नसेल तर पंचाने, म्हणजे ठोकायच्या बारीक पोलादी दांडीने, आरपार ठोका. एक खिळा राहिला तरी पात्याला दात पडतो आणि पुढच्या प्रत्येक फळीवर तीच रेघ उमटत जाते. खिळ्यांची भोकं तशीच राहू द्या. पुट्टी भरली की नजर आधी तिच्यावरच जाते.

सव्वापाच इंची चार फळ्या जोडायच्या. शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून, दोन्हींच्या कडांवर एकत्र रंधा मारा. रंधा थोडा कलला तरी उघडल्यावर कडा एकमेकींत बसतात. सागवान तेलकट असतं, त्यामुळे कडा थिनरने पुसून, सुकल्यावर लगेच पाण्यात टिकणारा फेविकॉल लावा. तीन शिकंजे (क्लॅम्प) लावा, दोन खालून आणि मधला वरून, नाहीतर फळी कमानीसारखी वाकते. दुसऱ्या दिवशी 25 मिमी जाडीवर आणून 80, 120, 180 नंबरचा पॉलिश पेपर मारा.

पायांसाठी 16 मिमी चौरस सळईचे 110 सेंटिमीटरचे दोन तुकडे. जस्त चढवलेलं लोखंड भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. दोन्ही टोकांचे 15 सेंटिमीटर ठोकून टोकाशी 10 मिमीपर्यंत निमुळते केले की ते साधारण 22 होतात, म्हणून उंचीची खूण ठोकून झाल्यावरच करा. खूण पंचाची हवी, खडूची खूण भट्टीत टिकत नाही. सळई नारिंगी असतानाच घाव घाला. काळपट लाल झाली की परत भट्टीत, ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळतंय. मधले 40 सेंटिमीटर सोडून दोन्ही बाजू वाकवा, म्हणजे प्रत्येक सळईची उलट्या U सारखी चौकट होते. पत्र्यावर पूर्ण मापाचं चित्र आखून दोन्ही चौकटी त्यावर ठेवून जुळवा. एकीवर दुसरी जुळवत बसलात तर टीपॉय डुगडुगणारच.

चौकटीच्या माथ्यावर 75 × 6 मिमीची 40 सेंटिमीटर पट्टी वेल्ड करायची, पण भोकं आधी पाडून घ्या. सळईच्या दोन्ही अंगांना तीन-तीन. मधली दोन गोल, 5 मिमी. टोकाकडची चारही लांबट, 6 × 14 मिमी, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. पट्टी फळीच्या रुंदीत बसते, लाकूडही त्याच दिशेने सरकतं. दहा नंबरचे एक इंची स्क्रू, खाली वॉशर, लाकडात 3 मिमीचं भोक. सव्वा इंची स्क्रूचं टोक वरून बाहेर डोकावण्याची भीती असते. लांबट भोकातले स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल करा.

ओलसर लोखंडाने सागवान काळं पडतं, त्यामुळे पट्टी आणि फळीच्या मध्ये पातळ फेल्ट (नमदा) घाला. पायांना मेण छान दिसतं, पण कोकणात किंवा मुंबईत ते गंज थोपवत नाही. तिथे लॅकरच मारा. फळीला जवसाचं तेल पातळ हाताने, दोन-तीन वेळा. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात; उघड्यावर पसरून वाळवा.