सॅडल स्टे, टॉप बॉक्स, विंडशील्ड: बोल्ट आवळताना या चुका टाळा

मोटारसायकलला लावायच्या आणि पुन्हा काढायच्या वस्तूंचे बोल्ट कंपनीने बसवलेल्या बोल्टांपेक्षा लवकर सैल होतात. एक तर ते सारखे काढले-घातले जातात. शिवाय सॅडल स्टे (बाजूच्या बॅगा टांगायची धातूची चौकट) किंवा टॉप बॉक्स (सीटमागचा डबा) बाहेर लोंबत असतो, त्यामुळे सिंगल सिलिंडर इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचे हादरे त्याच्या बोल्टांवर आडवे येतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चुका त्याच त्या होतात.

जुनाच बोल्ट परत लावणे

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण करणाऱ्याला काही चुकलंय असं वाटतच नाही. बोल्ट बसतो, पाना जड लागतो, गाडी निघते.

हिशोब बघा. आठ एमएमच्या बोल्टाचे आटे सव्वा मिमी अंतरावर असतात. फ्रेमला वेल्ड केलेला नट साधारण साडेसहा मिमी जाड असतो, म्हणजे आत पाचच आटे. कंपनीचा बोल्ट नटापलीकडे तीन मिमी बाहेर येत होता असं धरू. आता तुम्ही मध्ये स्टेची पाच मिमीची पट्टी आणि दीड मिमीचा वायसर घातला. बोल्ट साडेसहा मिमी मागे आला आणि नटात उरले जेमतेम दोन-अडीच आटे. त्यांच्यावर दहा-बारा किलोची बॅग टांगली.

ताम्हिणी घाटात आमच्या ग्रुपमधल्या एकाचं हेच झालं. स्टे आदल्याच संध्याकाळी दुकानात बसवून घेतला होता. विळ्याकडे उतरताना मागच्याला कापड जळल्याचा वास आला आणि त्याने हॉर्न वाजवून सगळ्यांना थांबवलं. डावीकडच्या स्टेचा मागचा बोल्ट गळून पडला होता, पट्टी खाली झुकली होती आणि बॅग टायरला घासत होती. बॅगेच्या पट्ट्याचं टोक चेनपासून वीतभर लांब होतं. ते आत गेलं असतं तर चाक जागच्या जागी जाम झालं असतं, तेही उतारावर. उजवीकडचा बोल्ट जाग्यावर होता, तो काढून पाहिला. टोकाचे दोनच आटे घासून चकचकीत झालेले, बाकीच्यांवर कंपनीचा मुलामा जसाच्या तसा. माणगावात हार्डवेअरच्या दुकानातून लांब बोल्ट घेऊन दोन्ही बाजू बदलल्या. दुकानदाराला बसवतानाच हे दिसायला हवं होतं. घाई नडली.

माझी पद्धत साधी आहे. पट्टी आणि वायसर यांची जाडी मोजायची आणि कंपनीच्या बोल्टापेक्षा तितका जास्त लांब बोल्ट आणायचा, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा कोरलेलाच. नट असेल तर एक-दोन आटे पलीकडे दिसले पाहिजेत. ॲल्युमिनियममध्येच आटे पाडलेले असतील तर बोल्ट स्वतःच्या जाडीच्या दीडपट आत जायला हवा. फार लांबही नको, तो मडगार्डला किंवा टायरला टेकतो.

लाल लॉकटाइट

नवशिक्यांना एकदाच लावून विसरून जायचं असतं, म्हणून ते लाल, म्हणजे सगळ्यांत जहाल थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) आणतात. तो सोडवायला बोल्ट साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो. स्टेचे बोल्ट असतात सीटखाली, वायरिंगच्या आणि प्लास्टिकच्या शेजारी. तिथे बर्नर लावणार कसा? शेवटी एलन कीची खाच गोल होते आणि ड्रिलने बोल्ट पोखरून काढावा लागतो. काढायच्या वस्तूला मध्यम ताकदीचा निळाच वापरा. लॉकटाइट २४३ त्याच प्रकारातला.

आणि तोही नीट लावा. तेलकट आट्यांवर कुठलाही थ्रेडलॉकर भरवशाचा नसतो. थिनरने पुसून, सुकवून, एक-दोन थेंब पुरतात. हवा बंद झाल्यावर धातूच्या सान्निध्यात तो घट्ट होतो आणि पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. पहाटे चारला लावून पाचला निघणाऱ्यांनी लावला काय, न लावला काय. पुढच्या वेळी बोल्ट काढला की जुना थर ब्रशने खरवडून नव्याने लावायचा. विंडशील्डच्या किंवा मोबाइल होल्डरच्या प्लास्टिकजवळ मात्र तो नेऊच नका, प्लास्टिकला तडे जातात.

दर महिन्याला काढायच्या वस्तूला, मागून नट लावता येत असेल, तर मी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आट्यांना धरून ठेवणारा) वापरतो. तो बोटांनी शेवटपर्यंत फिरायला लागला की फेकून द्यायचा.

स्प्रिंग वायसरवर विसंबू नका. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं की बोल्ट सैल करतात ते मुख्यतः आडवे हादरे, आणि स्प्रिंग वायसर त्यांना रोखत नाही. रबरी वायसर धातूच्या पट्टीखाली घालू नका, ताण टिकतच नाही. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टावर स्टेनलेस स्टीलचाच नट असेल तर अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा, नाहीतर आटे एकमेकांत रुततात.

बोल्ट आधी सगळे बोटांनी लावा, मग थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याचं भोक स्क्रूड्रायव्हरने ओढून जुळवलं तर पट्टी कायम ताणाखाली राहते आणि तोच बोल्ट आधी सुटतो. आवळायचा जोर (टॉर्क) सहा एमएमला साधारण १० न्यूटन-मीटर, आठला २२ ते २५, ॲल्युमिनियममध्ये त्याहून कमी. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

पावडर कोटिंग (स्टेवरचा जाड रंगाचा थर) दबतं, त्यामुळे नव्या स्टेचा ताण पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये उतरतोच. पहिल्या चहाला पाना काढा. थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट मात्र फिरवू नका, त्याची पकड तुटते. त्यासाठी निघण्यापूर्वी बोल्टाच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत पेंट मार्करने रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तिथेच थांबून तो बोल्ट काढा, साफ करा आणि नव्याने लावा. त्याच मापाचे दोन जादा बोल्ट आणि पाना टँक बॅगेत हवेत, सॅडल बॅगेच्या तळाशी नकोत.