ग्रेसलँडला आरव्ही घेऊन जाताय? पार्किंगचं हे बघा

ग्रेसलँड म्हणजे अमेरिकेतल्या मेम्फिसमधलं गायक एल्विस प्रेस्लीचं घर. ते बघायला जाताना एवढी मोठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) लावायची कुठे हाच प्रश्न असतो.

१. ग्रेसलँडचा स्वतःचाच आरव्ही पार्क आहे, तिथे आधीच गाडीसाठी जागा बुक करा, गाडी हुकअपला (वीज-पाण्याच्या जोडणीला) लावा आणि सरळ चालत तिकीट काउंटर गाठा.
२. सकाळी लवकर उठलात तर टूर सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ मेडिटेशन गार्डनमध्ये फुकट जाता येतं, एल्विसची समाधी तिथेच आहे, वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.
३. घरात फ्लॅश बंद. जंगल रूममध्ये मान वर करून बघाच, छतालासुद्धा हिरवा गालिचा ठोकलाय, हौसेला मोल नाही!

फक्त ऑगस्टच्या मध्यावर, पुण्यतिथीच्या आसपास जाऊ नका, तुफान गर्दी असते.