चिठ्ठी न टाकता नंबर: कर्लिंगचा गुणतक्ता कसा वाचायचा

सेलूत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. फेब्रुवारी म्हणजे आमची सुगी. उन्हाळी भुईमुगाला पाणी सुरू होतं, व्होल्टेज पडतं आणि जळालेल्या मोटरी दारात येऊन पडतात. २०२२ च्या फेब्रुवारीत एका पाच एचपीच्या मोनोब्लॉकमधली जळकी तार ओढत बसलो होतो आणि समोर मोबाइलवर बीजिंग ऑलिम्पिकचं कर्लिंग चालू होतं. एकानं बर्फावर दगड सोडायचा आणि दोघांनी त्याच्या पुढं झाडू मारत पळायचं. दुकानातला पोरगा म्हणला, "दादा, एवढं झाडायचंच असलं तर हिकडं या म्हणावं."

खेळ दोन दिवसांत कळला. नंबर कसे लावतात ते मात्र कळेना, आणि मला तेच पाहिजे होतं. वीस वर्षं कबड्डीचं गुणलेखन करतोय. एकदा शेजारच्या गावच्या स्पर्धेत तीन संघ सारख्या गुणांवर अडकले. पंचांनी तांब्यात तीन चिठ्ठ्या टाकल्या, एका लहान पोरीला उचलायला लावली आणि आमचं गाव घरी गेलं. तो तांब्या मला अजून दिसतो. म्हणून कर्लिंगवाले ही गाठ कशी सोडवतात ते मी वहीत उतरवून काढलं. तेच इथं सांगतो.

सुरुवात एका स्पर्धेच्या तक्त्यापासून करा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे दहा आणि महिलांचे दहा संघ असतात. प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळतो, म्हणजे नऊ सामने. वरचे चार उपांत्य फेरीत जातात. जागतिक स्पर्धेत संघ तेरा आणि सामने बारा. तिथं सहा संघ पुढं जातात: पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, उरलेल्यांत तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी. पहिला रकाना जिंकले-हरलेचा. बाकी सगळं विसरून आधी तोच वाचा.

इथं कबड्डीवाला चुकतो. मीही चुकलो. दोन संघ सारखे दिसले की आपला हात गुणांच्या फरकाकडं जातो. कर्लिंगमध्ये तो फरक मोजत नाहीत, आणि त्याला कारण आहे. सामना दहा एंडचा असतो (एंड म्हणजे दोन्ही संघांचे सगळे दगड टाकून होणारा एक डाव), पण साखळीत सहा एंड झाले की हरणारा संघ हात मिळवून मैदान सोडू शकतो, त्यात कमीपणा नाही. शिवाय ज्याच्याकडं एंडचा शेवटचा दगड आहे तो कधीकधी मुद्दाम एकही गुण घेत नाही, कारण गुण झाला नाही तर पुढच्या एंडलाही शेवटचा दगड त्याचाच राहतो. ७–३ आणि १०–४ या आकड्यांत कोण किती भारी होतं, ते असल्या खेळात कसं कळणार?

म्हणून बरोबरी झाली की पहिला प्रश्न एकच: तुमच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं? दोघं असतील तर तिथंच निकाल लागतो. तीन किंवा जास्त असतील तर बाकीचे संघ झाकून फक्त त्यांचा छोटा तक्ता मांडायचा. त्यात एखादा सुटला तर उरलेल्यांचा पुन्हा आपसातलाच निकाल बघायचा.

आता वहीचं पान काढा आणि बीजिंगचा महिलांचा तक्ता मांडा. स्वित्झर्लंड ८ जिंकून १ हरलेलं, स्वीडन ७ जिंकून २ हरलेलं. त्यांचं काही भांडण नाही. त्यांच्याखाली ग्रेट ब्रिटन, जपान आणि कॅनडा, तिघंही ५ जिंकून ४ हरलेले, आणि जागा दोनच. आपसातलं बघू. ब्रिटननं जपानला हरवलं, जपाननं कॅनडाला, आणि कॅनडानं ब्रिटनला. तिघांचा एक विजय, एक पराभव. गोल फिरून पुन्हा तिथंच. आमच्याकडं याच टप्प्यावर तांब्या आला होता.

यांच्याकडं त्याऐवजी सेंटिमीटर येतात. लहानपणी गोट्या खेळला असाल तर हे लगेच कळेल. डाव कोणी सुरू करायचा ते ठरवायला आपण आधी गलीकडं गोटी टाकायचो आणि ज्याची जवळ त्याचा मान. कर्लिंगमध्येही प्रत्येक सामन्याआधी, सराव संपला की, दोन्ही संघ घराच्या मधल्या बिंदूकडं दोन-दोन दगड सोडतात. घर म्हणजे बर्फावरची गोल वर्तुळं. सगळ्यात मोठं वर्तुळ ३.६६ मीटर रुंद. एक दगड घड्याळाच्या दिशेनं फिरवून, दुसरा उलट फिरवून, आणि दोन्ही वेगळ्या खेळाडूंनी. बिंदूपासूनची दोन्ही अंतरं मोजून बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी, पहिल्या एंडचा शेवटचा दगड त्याचा.

गंमत अशी की हे आकडे तिथं विसरत नाहीत, जमा होत राहतात. साखळी संपली की सगळ्यात वाईट अंतरं वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. आपसातल्या सामन्यांनी गाठ सुटली नाही तर ही सरासरी ज्याची कमी तो वर. समजा एका सामन्याआधी तुमचा एक दगड १२.४ सेंटिमीटरवर थांबला आणि दुसरा ३०.१ वर, तर त्या सामन्याची बेरीज ४२.५. अशी नऊ सामन्यांची भिशी. तक्त्यात १९९.६ दिसलं तर घाबरू नका, तो घरात न थांबलेल्या दगडाला लावलेला ठरीव आकडा आहे. ०.० म्हणजे दगड थेट बिंदूवर बसला. एखाद्या तरबेज खेळाडूलाच दरवेळी पुढं करता येत नाही, कारण साखळीत प्रत्येकाला दोन्ही दिशांचे दगड सोडावेच लागतात.

त्या सरासरीत ब्रिटन तिसरं, जपान चौथं आणि कॅनडा पाचवं. कॅनडा घरी. पुढं ब्रिटननं स्वीडनला १२–११ असं हरवलं, अंतिम सामन्यात जपानला १०–३, आणि सुवर्ण घेतलं. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य दोन्ही त्या अडकलेल्या तिघांतच गेली. कॅनडावाल्यांना कसं वाटलं असेल ते मला विचारा. तरी त्यांना एवढं तरी म्हणता येईना की चिठ्ठी चुकीची निघाली. दगड त्यांनीच टाकले होते. पूर्वी अशा बरोबरीला जादा सामना खेळवत. २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांत स्वित्झर्लंड आणि ब्रिटन यांचा तसा सामना झाला होता. मला खरं तर तेच आवडतं, पण वेळापत्रक सांभाळणाऱ्याचं दुखणं मी जाणतो.

स्पर्धेबाहेरच्या याद्या तीन आहेत आणि लोक त्यांचा काला करतात. एक, देशांची जागतिक क्रमवारी. ती वर्ल्ड कर्लिंग ही संस्था काढते, तिचं कार्यालय स्कॉटलंडमधल्या पर्थला. पुरुष, महिला, मिश्र दुहेरी, व्हीलचेअर अशा वेगवेगळ्या याद्या असतात, म्हणून आधी मथळा बघा. गुण देशाच्या खात्यावर पडतात, खेळाडू कुणीही असो. अनेक वर्षांच्या स्पर्धा धरतात आणि जुन्या निकालाचं वजन घटत जातं. या यादीत ग्रेट ब्रिटन शोधू नका, सापडणार नाही. ऑलिम्पिकसारख्या काही स्पर्धा सोडून इतर ठिकाणी ते स्कॉटलंड म्हणून खेळतात आणि यादीतही स्कॉटलंडच असतं. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली.

दुसरी यादी संघांची. तिथं देशाऐवजी कर्णधाराचं आडनाव दिसेल: एडिन, मोअट, होमन. एकाच देशाचे पाच-सहा संघ वर दिसले तर यादी चुकीची नाही, तुम्ही दुसरीच उघडली आहे.

तिसरी ऑलिम्पिकच्या जागांची, आणि तिचे गुण वेगळेच मोजतात. २०२६ साठी यजमान इटलीला जागा मिळाली, २०२४ आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धांमधल्या क्रमांकांच्या गुणांची बेरीज करून सात देश घेतले, आणि उरलेल्या दोन जागा डिसेंबर २०२५ मध्ये कॅनडातल्या केलोना इथल्या पात्रता स्पर्धेतून भरल्या. जागतिक क्रमवारीत वर आहे म्हणून कुणी थेट आत जात नाही. आणि मागच्या दारानं आलेल्याला हलकं समजू नका. बीजिंगच्या महिलांच्या अंतिम सामन्यातले ब्रिटन आणि जपान, दोन्ही डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून आले होते. भारताचा संघ ऑलिम्पिकच्या कर्लिंगमध्ये आजवर उतरलेला नाही, त्यामुळं आपल्याला निवांत बसून बेरजा करता येतात.

एवढं वाचून तक्ता कळला का ते बघायचं असेल तर तक्त्यातला नंबरांचा रकाना झाका आणि नंबर स्वतः लावा. दोनदा चुकाल, तिसऱ्यांदा जमेल.

आमच्या दुकानात आता चहा कुणी आणायचा हेही असंच ठरतं. खराब बेअरिंग फोडून छर्रे काढलेत, फरशीवर खडूनं गोल आखलाय आणि मोजायला स्टीलची पट्टी आहे. प्रत्येकानं दोन छर्रे सोडायचे, एक डाव्या हातानं, एक उजव्या. ज्याची बेरीज जास्त तो किटली घेऊन निघतो. पोरगा शनिवारी आठवड्याची सरासरी काढतो आणि ती भिंतीवर लिहून ठेवतो. सध्या मी शेवटी आहे. फरशीला उतार आहे म्हणून सांगतोय, कुणी ऐकत नाही.